बत्तिशीची कवळी

जेवताना टिकेल, बोलताना टिकेल, पण खदाखदा हसायला गेलं की पडेल, अशी कवळी बनवायला फार अक्कल लागत नाही. वरच्या कवळीची कड गालाच्या बाजूला दोन-तीन मिलिमीटर लांब ठेवायची, झालं. हसताना गाल ताणला की तो गालच कवळीला खाली ढकलतो. दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसून वीस वर्षं मी हे होऊ नये म्हणून कडा घासत आले. आता ते कसं होऊ द्यायचं, हे मला कोणी शिकवायला नको.

माझ्याकडे माणसं येत नाहीत, त्यांच्या जबड्यांचे साचे येतात. दात मेणात बसवून झाले की डॉक्टरीणबाई पेशंटला चाळीसपासून पन्नासपर्यंत आकडे म्हणायला लावतात. त्या आकड्यांत च आणि स इतके ठासून भरलेत की एखादा दात जरा पुढे आला तरी शिट्टी वाजते. मी दाराआड उभी राहून ऐकते.

त्या दिवशी खुर्चीतला म्हातारा म्हणत होता, "एक्केचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस." सगळं ठीक. मग तो म्हणाला, "चव्वेचाळीस," आणि सवयीने त्याच्या बोटांची चुटकी वाजली.

माझ्या हातातलं मेण तिथेच खाली पडलं. ती चुटकी मी विसरले असते तर इतकी वर्षं झोपेत दचकले कशाला असते? दात गेले, केस गेले, पण सुंभ जळाला तरी पीळ तसाच होता.

चव्वेचाळीस म्हणजे माझी आई.

शर्ट शिवायचा कारखाना होता. एका हॉलमध्ये साठ मशीन, साठ बायका, आणि त्यांच्यावर हा सुपरवायझर. सदानकदा दात दाखवायचा म्हणून आम्ही त्याला बत्तिशी म्हणायचो, अर्थात पाठीमागे. तो आम्हाला मशीनच्या नंबराने हाक मारायचा, वर चुटकी. आई चव्वेचाळीसवर बसायची. मी एकोणीस वर्षांची, तिच्या शेजारी, पंचेचाळीसवर.

संडासला जायचं तर गळ्यात पाटी घालून जायचं असा नियम होता. साठ जणींत पाटी एकच आणि ती याच्या टेबलाच्या खणात. एकदा आईने हात वर केला. तो म्हणाला, "आधी बाह्या संपव." तिने अर्ध्या तासाने पुन्हा केला, मग आणखी एकदा केला. चौथ्यांदा हात वर करायची गरज उरली नाही. स्टुलावरून फरशीवर थेंब पडायला लागले.

बत्तिशी खणातली पाटी घेऊन आला. त्याने ती स्वतःच्या हाताने आईच्या गळ्यात घातली आणि म्हणाला, "घ्या, आता निवांत जा." आणि हसायला लागला. हसता हसता एकेकीकडे बघत राहिला, जोवर सगळा हॉल हसत नाही तोवर. आईने रुमालाने स्टूल पुसलं, फरशी पुसली आणि ओल्या कपड्यांत उरलेल्या बाह्या शिवल्या. त्यानंतरही ती तिथे अकरा वर्षं होती, कारण घरी खाणारी तोंडं होती. ती गोष्ट घरात कधी निघाली नाही.

आणि आता तोच माणूस तोंडावर रुमाल धरून माझ्या दवाखान्यात बसला होता. डॉक्टरीणबाई आत येऊन म्हणाल्या, "बिचारे दोन वर्षांत चारचौघांत हसले नाहीत म्हणे. जरा मन लावून कर."

मी म्हटलं, "अगदी मन लावून करते."

तशी कवळी मी आयुष्यात केली नाही. दात देखणे, रंग हिरडीला जुळता, टाळू आरशासारखा गुळगुळीत. फक्त गालाची कड तेवढी लांब. मी मनातल्या मनात त्याला मित्रांच्या घोळक्यात बसवलं, कोणाला तरी विनोद सांगायला लावला आणि बत्तिशी त्याच्या मांडीत पाडली. मला इतका आनंद झाला की त्या दिवशी मी डबा खायला विसरले.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. ती खिडकीशी बसून माझ्या कुडत्याची बटणं लावत होती. सत्तरी ओलांडली तरी सुई तिची तीच ओवते. तिचे डोळे भरून येतील, ती मला जवळ घेईल, असं काहीबाही माझ्या डोक्यात होतं.

तिने दोरा दातांनी तोडला. "त्या दिवशी तू कुठे बसली होतीस?"

"तुझ्याशेजारी. पंचेचाळीसवर."

"म्हणजे मला दिसलं ते बरोबर होतं," ती म्हणाली. "तू पण हसली होतीस."

हसले होते. त्याची नजर माझ्यावर आली आणि माझे दात आपोआप बाहेर आले. सव्वीस वर्षं मला वाटत होतं की तिची मान खाली होती.

"आई, मी घाबरले होते गं."

"माहीत आहे. म्हणून तर कधी बोलले नाही." तिने सुई दोऱ्याच्या रिळात खोचली. "ती कड घासून टाक. मला त्याचं तोंड वाकडं झालेलं नकोय, नीट हवंय, सगळे दात जागेवर. मग बघू हसायला येतं का. आणि द्यायच्या दिवशी मला घेऊन चल."

सकाळी मी कड घासली. प्रत्येक घासणीला माझा जीव तुटत होता, खोटं कशाला सांगू. शेवटी कवळी अशी झाली की शिंकला तरी पडू नये.

द्यायच्या दिवशी आई बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. आत त्याने कवळी घातली, आरशात पाहिलं, आणि दोन वर्षांनी हसला. मोठ्याने, जुनं हसू. कवळी तसूभर हलली नाही. डॉक्टरीणबाई कौतुकाने म्हणाल्या, "ही आमची कारागीर."

तो हात जोडून म्हणाला, "तुम्ही मला माणसांत आणलंत, बाई."

"मी पंचेचाळीस नंबर," मी म्हटलं. "शर्टाचा कारखाना. बाहेर चव्वेचाळीस बसलीय, पाटीवाली. ती माझी आई."

त्याला आठवत नसेल, अशी मला भीती होती. मग माझ्या हाती काय राहणार होतं? पण त्याला आठवलं. कवळी जागच्या जागी होती, आणि तोंड मात्र मिटलं. हात आपोआप रुमालाकडे गेला.

"तेव्हा नियमच तसे होते," तो पुटपुटला.

"ते तिला सांगा."

नाही म्हणेल असं वाटलं होतं. पण तो उठला, बाकापुढे जाऊन उभा राहिला. मी त्याच्या मागोमाग गेले. आजवर दातओठ खात काढलेल्या वर्षांचं उट्टं आता निघणार होतं आणि ते मला जवळून बघायचं होतं. आईने त्याला खालून वर न्याहाळलं. बसा म्हणाली नाही.

"बाई," त्याने घसा खाकरला, "मी त्या दिवशी..."

आईने हात वर केला. अगदी तसाच, जसा त्या हॉलमध्ये केला होता.

"थांबा," ती म्हणाली. "तुमचा नंबर नंतर. आधी हिचा आहे."

आणि तिने माझ्याकडे पाहिलं. तो बाजूला सरकला, दोन्ही हात पुढे बांधून पाळीची वाट बघत उभा राहिला. मी तोंड उघडलं. माझे सगळे दात माझेच आहेत, तरी पहिला शब्द बाहेर पडायला फार वेळ लागला.