बाबांची कवळी आणि इंग्रजी व्यंजनं

माझे वडील इंग्रजीचे मास्तर. साधे नव्हेत, उच्चारांचे. "व्याकरण काय, कुणीही शिकवतं," असं ते म्हणायचे, त्यामुळे शाळेतले व्याकरणाचे मास्तर त्यांच्याशी बोलायचे नाहीत. वर्गात गेले की फळ्यावर भलंमोठं तोंड काढायचे आणि सांगायचे, "स्वर म्हणजे उघडं दार. हवा आली, गेली, कुणी अडवलं नाही. व्यंजन म्हणजे दारात उभा राहिलेला खाष्ट माणूस. कुठेतरी अडवणारच." एफ आणि व्ही आले की मग वर्गाची खैर नसे. "वरचे दात खालच्या ओठावर! टेकव! चावू नको गाढवा, टेकव!" हे करून दाखवताना ते जसे दिसत, त्यावरून पोरांनी त्यांचं नाव ससा ठेवलं होतं. घरात मीही तेच म्हणायचे, फक्त हळू आवाजात.

तर या सशाचे सगळे दात गेले. काही पडले, उरलेले काढावे लागले.

आता गंमत बघा, मी कवळ्या बनवते. दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत माझं टेबल, मेण, स्पिरिटचा दिवा आणि डब्यात मापामापाचे दात. कवळी पक्की करण्याआधी दात मेणात बसवून पेशंटच्या तोंडात घालून बघतात. त्या वेळी पेशंट आरशात बघतो, आम्ही त्याचं बोलणं ऐकतो. 'फिफ्टी-फाइव्ह' म्हणायला लावायचं. वरच्या दातांची कड खालच्या ओठाला अलगद टेकली तर लांबी बरोबर. 'सिक्स्टी-सिक्स'ला शिट्टी वाजली तर कुठेतरी फट आहे. आ, ई, ऊ म्हणवून काही कळत नाही. स्वर काय, बोळक्या तोंडालाही येतात.

बाबांच्या तोंडात मेणातले दात घातले आणि डॉक्टरबाई म्हणाल्या, "सर, फिफ्टी-फाइव्ह म्हणा." झालं! बाबा खुर्चीतून उठून उभे राहिले. खालचा ओठ पार वर ओढून, शेवटच्या बाकाला ऐकू जाईल असं "फ्फ्फिफ्टी!" म्हणाले. आयुष्यभर शिकवलेलं, सुटतंय कसलं. डॉक्टरबाई खूश, मी खूश. दात तिथे ओठाला लागत होते, मी तिथेच ठेवले आणि कवळी पक्की केली.

घरी गेल्यावर माणूस शेवटच्या बाकाशी बोलतो का? नाही. ओठ जागेवर राहतो. दात आखूड पडले, ओठापर्यंत पोचेनात. बाबांनी जेवताना "फॉर्क" मागितला आणि नुसता वारा आला. पुन्हा मागितला, पुन्हा वारा. त्यांनी कवळी काढली, ग्लासातल्या पाण्यात टाकली आणि तोंडावर रुमाल धरला.

तेव्हापासून ते बोलायचेच बंद झाले. एक अक्षर नाही. खुणा करायचे, ताट सरकवायचे, दारावर टकटक करायचे.

माझं सोडा, आईचं काय? त्या दोघांचा संसार म्हणजे ती चुकीचं बोलणार आणि ते सुधारणार. आई कपडे अल्टर करते, दिवसभर ओठांत टाचण्या धरून बोलते. टाचण्या धरून व्ही कुठून येणार? "वेरी गुड" म्हणाली की बाबा पेपरातून डोकं न काढता "व्हेरी" म्हणायचे. ती मुद्दाम पुन्हा "वेरी" म्हणायची. आणि भांडण? मला कळू नये म्हणून दोघं इंग्रजीत भांडायची. माझं इंग्रजी चांगलं आहे ते त्यामुळेच. आता आई रोज दहा चुका करायची आणि समोरून काही नाही. एकदा कपाळावर हात मारून मला म्हणाली, "भिंतीशी बोलतेय गं मी. हा माणूस मला असा घरातल्या घरात सोडून गेला तर मी काय करू?" आईला असं बोलताना मी ऐकलं नव्हतं.

मी बाबांना धरून पुन्हा खुर्चीत बसवलं. नवीन मेण, लांब दात. "बाबा, साधं बोला." ते उठून उभे राहिले. "फ्फ्फिफ्टी!"

"साधं!"

त्यांनी हातानंच खूण केली, की हे साधंच आहे.

माझं डोकं फिरलं. हे असंच चाललं असतं तर जन्मभर मी कवळ्या करत बसले असते आणि ते खुणा. मी सरळ आईला फोन लावला. तिचं दुकान समोरच्याच गल्लीत. ती गळ्यात टेप आणि ओठांत टाचण्या तशीच आली. मी कानात सांगितलं, "चिडव त्यांना." तिला काय, तेच हवं होतं.

"वेरी नाइस टीत," आई म्हणाली.

बाबांनी मान फिरवली.

"वेरी, वेरी नाइस." त्यांनी रुमाल तोंडाशी नेला. आईचा चेहरा उतरला आणि मग एकदम तापला. टाचण्यांमधूनच ती सुरू झाली, "अहो, एफ येत नाही, व्ही येत नाही, मान्य. पण 'अगं' म्हणायला दात लागतात का? तुम्हीच शिकवलंत ना, अ म्हणजे उघडं दार? ग घशातून? मग एक हाक मारता आली नाही तुम्हाला? मी जन्मभर तोंडात टाचण्या धरून बोलले, तुम्हाला सगळं कळलं. मला काय तुमचं कळलं नसतं?"

डॉक्टरबाई उगाच ट्रे पुसू लागल्या.

बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. "तू हसली असतीस," ते म्हणाले.

"हसलेच असते! मग? मेला असता का कुणी?"

"फर्स्ट ऑव्ह ऑल," बाबा कडाडले, बसल्या जागेवरून, अगदी घरच्या आवाजात, "रिमूव्ह दोज पिन्स फ्रॉम युअर माउथ!"

"नो!" आई म्हणाली.

"ओठ बघ, ओठ!" डॉक्टरबाई माझ्यावर ओरडल्या. मी बघतच होते. दात टेकत होते, लांबी थोडी जास्त होती, शिट्टी नव्हती. भांडणाच्या भरात मेणातला एक दात निखळून बाबांच्या मांडीवर पडला, पण तोवर मला हवं ते मिळालं होतं. मी त्यांच्या तोंडातून कवळी काढून घेतली आणि टेबलाशी जाऊन दिवा पेटवला.

आईनं डोळे पुसले, टेप सारखा केला आणि दुकान उघडं टाकलंय म्हणून दाराकडे निघाली. बाबा रिकाम्या तोंडानं खुर्चीत. सवयीनं त्यांनी रुमाल वर नेला. मग तो मांडीवर ठेवला.

"अगं," ते म्हणाले.

आई थांबली. तिनं एकेक करून सगळ्या टाचण्या ओठांतून काढल्या, पदराला खोचल्या आणि वळून म्हणाली,

"ओ."