अस्तरातला चेक

मित्रांनो, मी एक बाद झालेला चेक आहे. हसू नका. जन्मात एकदाही वटलो नाही, तरी अंगाला इस्त्री मात्र कडक आहे. ती कशी, तेच सांगतो.

छापखान्यात आम्ही पंचवीस भाऊ एका बुकात जन्मलो. माझ्या नंबराच्या शेवटी सतरा. कपडे शिवणाऱ्या एका काकूंच्या कपाटात दोन वर्षं पडून होतो. एकेक भाऊ फाटून कामाला लागायचा, आणि मी आपला वाट बघत अंधारात.

शेवटी माझी पाळी आली. काकूंना कापडाच्या कडा शिवायचं जुनं ओव्हरलॉक मशीन घ्यायचं होतं. चष्मा पुसून, जीभ दातात धरून त्यांनी मला लिहिलं. "काय अक्षर आलंय बघा, अण्णा!" तेवढं एकच कौतुक माझ्या वाट्याला आलं.

अण्णा म्हणजे इस्त्रीवाले. गाळा एकच. डावीकडे काकूंचं मशीन, उजवीकडे अण्णांचं टेबल, आणि रोज चार वाजता मधल्या स्टुलावर चहाचे दोन ग्लास. अकरा वर्षं.

"अक्षर राहू द्या, ताई. कोपऱ्यात दोन रेघा मारल्यात का? नाहीतर ज्याच्या हातात पडेल तो पैसे घेऊन पसार."

"मारते हो! तुम्ही कुणाचा शर्ट जाळू नका म्हणजे झालं."

नाहीच मारल्या. बुकात माझ्यामागे जी पट्टी उरते, तिच्यावर नंबरही लिहिला नाही. माझी तिघडी केली आणि कोटाच्या खिशात सारलं. आता बघा, गावभराचे खिसे शिवणारी बाई आणि तिच्याच खिशाला भोक! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मी घसरलो तो थेट अस्तरात, पार खालच्या शिवणीपाशी. मग कोट गेला अण्णांकडे. वरून पाणी शिंपडलं, गरम इस्त्री फिरली. भाजून निघालो.

दुपारी मशीनवाल्याकडे निघताना काकूंनी खिशात हात घातला. रिकामा. पिशवी पालथी केली, चिंध्यांची टोपली उपसली. मग मान खाली घालून म्हणाल्या, "अण्णा, कोट तुमच्याकडेच होता ना?"

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. विचारलं आपलं."

अण्णांनी इस्त्री उभी केली. "ताई, सरळ बोला."

सरळ बोलतील तर शपथ! कोट चढवला आणि तडक बँक गाठली. मी होतोच सोबत.

"चेक थांबवायचाय," काकू म्हणाल्या.

"नंबर?" बँकेतल्या मॅडमनी विचारलं.

"तो चेकवर होता ना!"

मॅडमनी कपाळावर हात मारला. बुक मागून घेतलं. सोळा गेलेला, अठरा कोरा, म्हणजे हरवला तो सतरा. "नंबर चुकला तर भलताच चेक थांबतो आणि हा सुटतो, म्हणून एवढं बघायचं." मग संगणकात बघितलं. "नशीब, अजून वटला नाही. वटल्यावर आमच्याही हातात काही नसतं." फॉर्म पुढे केला. खातं, तारीख, नाव, रक्कम, खाली बँकेत आहे तशीच सही. शिवाय फी.

"कारण? हरवला की चोरीला गेला?"

काकूंचं पेन थबकलं. मी त्यांच्या गुडघ्यापासून चार बोटांवर! तोंड असतं तर तिथेच बोंब ठोकली असती.

"चोरीला," काकू म्हणाल्या.

मॅडमनी बटण दाबलं. "झालं. आता कुणीही आणला तरी परत जाईल. तीन महिन्यांत सापडलाच, तर अर्ज देऊन स्टॉप उठवता येतो. नंतर चेकच शिळा होतो."

बँकेत बोललेलं गल्लीत यायला कितीसा वेळ लागतो? चार दिवसांत अण्णांच्या कानावर गेलं. भांडले नाहीत. टेबल उचललं आणि रस्त्यापलीकडे नेलं. अठरा नंबरचा भाऊ मशीनवाल्याकडे जाऊन सुखाने वटला. मी खुंटीवरच्या कोटात. चार वाजले की स्टुलावर ग्लास टेकल्याचा आवाज यायचा. एकच. मी रोज दुसऱ्याची वाट बघायचो.

पुढच्या थंडीत कोटाची खालची शिवण उसवली. काकू दुरुस्त करायला बसल्या आणि मी त्यांच्या मांडीवर पडलो. घडीला सुरीची धार, थेंब पडून शाई फुटलेली, अस्तराचा निळा रंग पाठीला लागलेला. काकू बघतच राहिल्या. इस्त्री फिरली तेव्हा मी कुठे होतो, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

मला घेऊन त्या तशाच अनवाणी रस्ता ओलांडून गेल्या.

अण्णांनी घडीवरून बोट फिरवलं. "इस्त्री माझीच."

"अर्ज देऊन स्टॉप उठवता येतो म्हणाली होती बँकेतली," काकू म्हणाल्या, "पण तीन महिन्यांत. हे तर वर्ष होत आलं, अण्णा."

"गिऱ्हाईक उभं आहे, ताई. जरा बाजूला व्हा."

मला मात्र परत दिलं नाही. टेबलावरच्या घोंगडीखाली सरकवलं. तिथूनच बोलतोय.

मित्रांनो, चेक फाडाल तेव्हा पट्टी आधी भरा. कोपऱ्यात रेघा मारा. हरवला तर धावत बँक गाठा. पण कुणाचं नाव तोंडातून काढण्याआधी आपल्या खिशात बोट घालून बघा. पार तळापर्यंत.

काकू आता रोज चार वाजता रस्ता ओलांडतात. अण्णांच्या टेबलाच्या कडेला चहाचा एक ग्लास ठेवतात आणि परत जातात. अण्णा तो तसाच, साय धरलेला, परत पाठवतात. सव्वीस दिवस मोजलेत मी.

काल ग्लास रिकामा गेला.