गारांच्या साली पडलेलं माळवद

कुणी बी येतंय अन् विचारतंय, चतुराबाई, गारांचं साल कसं होतं सांगा की. सांगते. पण आधीच बजावून ठिवते, मधीच कुणी 'रामकिसन लई भला माणूस' असं म्हणलं तर मी उठून चालती होईन. गावात अजून म्हणतात तसं. मेलेल्या भावाच्या बायकोला घरात जागा द्यायला निघाल्ता म्हणं! आता गं बया! आधी माणूस मारायचा अन् मंग त्याच्या बायकोला भाकर द्यायची, ह्याला भलेपणा म्हणत असतील तर जळो तसला भलेपणा.

निजामाचं राज होतं तवा. रझाकारांचा धिंगाणा अजून लांब होता. टेंभुर्णीच्या अलीकडं आमचं गाव. घरात दोघं भाऊ. थोरले रामकिसन, त्यांची बायको साळूबाई. धाकटे कचरू, त्ये आमचे मालक. मी लगीन होऊन आले तवा मला पदर बी नीट सावरता येत न्हवता. साळूबाईनंच माझी येणी घातली, भाकर थापायला शिकवली. सासू वरडली की मला पाठीशी घालायची. माझी आई मी लहान असतानाच गेल्ती. मंग मला वाटलं, देवानं हीच आई दिली. जाऊ न्हाई, आई. इतकी मी येडी होते.

सासू-सासरे गेले अन् वाटणीची भाषा निघाली. आमच्याकडं वाटणीची रीत अशी, की थोरल्यानं वाटे पाडायचे अन् धाकट्यानं आधी उचलायचा. थोरल्यानं लबाडी केली तर वाईट वाटा त्याच्याच पदरात पडायचा, म्हणून तो बराबर वाटे पाडतो. रानाचं काय भांडण झालं न्हाई. राह्यलं घर. एका अंगणात समोरासमोर दोन माळवदाची घरं होती. एक ओसरीचं, एक देवाचं. माळवद म्हंजे मातीचं सपाट छत. वर दरसाल पावसाळ्याआधी पांढरीच्या मातीचा थर टाकायचा, जुन्यावर नवा, जुन्यावर नवा. ते सगळं वझं तुळईवर अन् तुळईचं वझं मधल्या खांबावर.

आमच्या मालकांच्या मनात ओसरीचं घर होतं. मला बी तेच बरं वाटत होतं, उजेडाचं होतं. पण उचलायच्या आदल्या दिवशी साळूबाई माझ्याजवळ येऊन बसली. मी पोटुशी होते. माझ्या डोक्यात तेल घालता घालता म्हणली, "चतुरा, देवाचं घर उचल बाई. उबीचं हाय. बाळंतिणीला ओसरीचा वारा सोसत न्हाई. अन् देव तुझ्या घरात ऱ्हातील, मला काय कमी-जास्त वाटायचं न्हाई." माझ्या डोळ्याला पाणी आलं. एवढं कोण बघतंय हो दुसऱ्याचं! मी मालकांच्या मागं लागले, देवाचंच घर उचला. त्यांनी उचललं.

आता ध्यान देऊन ऐका. घर सारवायचं काम बाईचं. पुरुषाला घराचं काय कळतंय? कुठं भिंत फुगली, कुठं पोपडा धरला, कुठं उंदरानं बीळ केलं, हे सारवणाऱ्या हाताला कळतंय. देवाच्या घरातला मधला खांब साळूबाई मला कधी सारवू देत न्हवती. "तिथं देव हायेत, तुला सोवळं जमायचं न्हाई," म्हणायची. मंग मला दिवस गेले तर म्हणली, "उंच हात करू नको, मी करते." वाटणी झाल्यावर सुदीक दिवाळीला येऊन तेवढा खांब सारवून गेली. वरून गेरूचा पट्टा ओढला. मी शेजारणीला कौतुकानं सांगत होते, वाटणी झाली तरी आमची साळूबाई कशी जीव लावती बघ!

नंदा झाली. माघ लागला. शाळू कापायला आल्ता. त्या दिवशी माझा भाऊ बद्रीअण्णा राजूरवरून आल्ता. त्याच्या सोनूची सोयरीक साळूबाईच्या धर्मराजाशी जमल्ती, सुपारी फुटल्ती, आता लग्नाची तीथ धरायची होती. मलाच केवढा आनंद झाल्ता! भाची ह्याच अंगणात सून म्हणून येणार. अण्णा साळूबाईच्या ओसरीवर जेवायला बसला अन् दुपारीच अंधारून आलं.

आधी वारा सुटला. असा गार, की भांडी घासताना माझी बोटं वाकंनात. मंग वर काहीतरी खडखडलं अन् गारा सुरू झाल्या. आधी आवळ्याएवढ्या, मंग लिंबाएवढ्या. पिंपळावरचे पोपट पटापटा खाली पडून राह्यलते. खुट्याला बांधलेली वासरं हंबरत होती. अंगण पांढरंफेक झालं. पाण्याचा पाऊस आला असता तर पन्हाळातून वाहून गेला असता. गारा कुठं जातात? त्या माळवदावर साचत गेल्या. पन्हाळ बुजला अन् वरून पाऊस बी चालू झाला. आतमधी तुळई करकर वाजाय लागली. मालक म्हणले, "वझं लई झालं. मी वर जाऊन लोटतो."

डोक्यावर गोणपाट घेऊन, फावडं घेऊन ते शिडीनं वर गेले. मी खाली शिडी धरून उभी. नंदा आत झोळीत. गारा पाठीत अशा बसत होत्या की जीव कळवळायचा, पण शिडी सोडली न्हाई. वरून फावड्यानं गारा लोटल्याचा आवाज येत होता. तेवढ्यात रामकिसन समोरून पळत आले. मला वाटलं, भाऊ अखेर भाऊच. ते दोन पायऱ्या चढले बी.

अन् ओसरीवरून साळूबाई वरडली. "आवं, चढू नका! त्यो मधला खांब आतून पोकळ हाय! दोघांचं वझं धरायचा न्हाई! खाली या!"

रामकिसन झटक्यात उतरले. का, कसं, काय बी विचारलं न्हाई. उतरले अन् मागं सरकले. सरळ ओसरीत जाऊन उभे राह्यले.

तिच्या नवऱ्याला सांगितलं तिनं. माझ्या नवऱ्याला न्हाई. माझा नवरा वर होता, माझं लेकरू खाली होतं, त्यांचं नाव सुदीक घेतलं न्हाई. मी साळूबाईकडं बघितलं. तिनं बी माझ्याकडं बघितलं. तिच्या शेजारी बद्रीअण्णा उभा होता, हाताला कालवण लागलेलं. तो बी माझ्याकडंच बघत होता.

मी वरडले, "आवं, खाली या! जल्दी या!" गारांच्या धडाक्यात काय ऐकू जातंय त्यांना! फावड्याचा आवाज चालूच होता. मी शिडी सोडली अन् आत पळाले. झोळीतून नंदाला उचललं. मधला खांब माझ्या डोळ्यापुढं वाकला. मी उंबऱ्याच्या बाहेर उडी मारली अन् मागं सगळं बसलं. असा आवाज झाला, की मंग गारांचा आवाज कसा होता ते बी मला आठवंना.

गाव धावलं. गारा थांबल्या तशी सगळ्यांनी माती उकरली. साळूबाई बी उकरत होती, नखं फुटस्तोर, वरडून रडत होती. मालक निघाले तवा त्यांच्या अंगात काय राह्यलं न्हवतं. तोंडात माती, नाकात माती. मी पदरानं पुसत राह्यले. कुणीतरी म्हणलं, चतुरा, बस आता. मी म्हणलं, बसू कशी? गुदमरतेत ते.

तिथंच त्यो खांब मोडून पडल्ता. मी माझ्या डोळ्यानं बघितला. आतून उधईनं, वाळवी म्हणा, पार खाल्लेला. अन् त्या पोकळीत भुसा कालवलेली माती गच्च भरलेली. वरून शेण-मातीचा हात, त्यावर गेरूचा पट्टा. अशी माती आपोआप भरत न्हाई, बाबांनो. हातानं भरावी लागती.

उकरणारी माणसं थंडीनं कुडकुडत होती. रामकिसननं त्यो खांब फोडला अन् अंगणात शेकोटी पेटवली. "शेका, शेका," म्हणत होते सगळ्यांना. माझ्या नवऱ्याचं मढं ओसरीत, अन् गाव त्या खांबावर हात शेकत बसलं. मला तवा कळलं न्हाई. नंतर कळलं, काय जाळलं त्यांनी.

तेरावा झाला अन् मी म्हणलं, पंच बसवा. मला कुणाला फासावर द्यायचं न्हवतं. माझं एकच म्हणणं होतं. वाटणी खोटी झाली, ती मोडा अन् नव्यानं करा. ओसरीचं अर्धं घर माझ्या नंदाच्या हक्काचं. हक्काचं, भिकेचं न्हाई. त्याच्याशिवाय माझ्या लेकराच्या डोक्यावर छप्पर कुठलं होतं?

मारुतीच्या पारावर पंच बसले. बाईमाणसानं पंचांपुढं तोंड उघडायचं न्हाई, तिच्या बाजूनं माहेरच्यानं बोलायचं, अशी आमची रीत. मला त्याची बिलकुल फिकीर न्हवती. माझा सख्खा भाऊ होता की. साळूबाई वरडली त्या वक्ताला तिच्या खांद्याला खांदा लावून उभा होता तो. मी जितकं ऐकलं त्याच्यापेक्षा त्यानं जास्त ऐकलं असंल. पंचाईत बसायच्या आधी मी त्याला म्हणलं, "अण्णा, जे ऐकलं तेवढंच सांग. एक शब्द जास्तीचा नको." त्यानं माझ्या डोक्यावर हात ठिवला.

रामकिसन आधी बोलले. डोळे पुसत बोलले. "देवाची करणी. गारांपुढं कुणाचं चालतंय? चतुरा मला लेकीसारखी हाय. माझ्या घरात तिला एक खोली देतो, मरेस्तोर भाकर देतो." माणसं माना हलवाय लागली. भाऊ असावा तर असा!

मला राहवलं न्हाई. मी पारामागून वरडले, "विचारा साळूबाईला, खांब पोकळ हाय हे तिला कसं ठावं होतं? वरडली का न्हाई ती? माझ्या अण्णाला विचारा!"

पंचांनी अण्णाकडं बघितलं. अण्णानं पागोटं काढून मांडीवर ठिवलं. परत डोक्यावर ठिवलं. म्हणला, "गारांचा लई धडाका होता. मला काय ऐकू आलं न्हाई."

बास. संपलं. पंच उठले. एक म्हणला, बाईच्या मनावर परिणाम झालाय, सांभाळून घ्या.

मी अण्णाला वेशीपाशी गाठलं. त्याच्या बाहीला धरलं. "का रं? का रं असं केलंस?" तो खाली बघून म्हणला, "चतुरा, सोनूची सुपारी फुटलीय. मी तिथं बोललो असतो तर सोयरीक मोडली असती. पोरीच्या जन्माचा सवाल हाय."

"अन् माझा जन्म?"

"तुझं जे व्हायचं ते होऊन गेलं की, बाई," म्हणला. अन् गाडीत बसला.

साळूबाईनं केसानं गळा कापला, ते मी समजू शकते एक वेळ. परक्या घरची होती, तिला तिची लेकरं होती, पडायचं ते माझ्या डोक्यावर पडू दे असं तिला वाटलं असंल. पण अण्णा? एका आईचं दूध पिलो आम्ही. त्यानं माझ्या डोळ्यादेखत मूग गिळले अन् वर डोक्यावर हात ठिवला!

मी ती खोली घेतली न्हाई. पडलेल्या जागेवर कुडाच्या भिंती केल्या, वर पाचटाचं छप्पर टाकलं अन् नंदाला घेऊन तिथंच राह्यले. अंगण तेच. साळूबाई सकाळी सडा टाकायची, मी बी टाकायची. ती बोलायला यायची, मी तोंड फिरवायची. गाव म्हणायचं, काय ही आगाऊ बाई, मिळतंय ते बी घेत न्हाई.

उन्हाळ्यात सोनूचं लगीन झालं. मी गेले न्हाई. मंग एक दिवस सकाळीच सोनू माझ्या छपरात आली. हिरवा चुडा, लेकरासारखं तोंड. पाया पडली. तिच्यावर काय राग धरायचा? मी तिला गूळ-पाणी दिलं. विचारलं, करमतंय का? ती म्हणली, करमतंय, सासूबाई लई जीव लावतात. मंग इकडंतिकडं बघून हळूच म्हणली,

"आत्या, एक विचारू? तिकडच्या घरातला कोणता खांब पक्का हाय? अण्णांनी निघताना मला शपथ घातलीय. म्हणले, खांब हातानं बडवून बघितल्याबिगर त्या घरात झोपू नको. म्हणले, तुझी सासू वरडली ते मी माझ्या कानानं ऐकलंय."

पोरीला काय ठावं, ती काय बोलून गेली. ती माझ्याकडं बघत होती, मी काहीतरी सांगंल म्हणून.

मी तिचा हात धरला. ओसरीत नेलं. साळूबाई चुलीपुढं बसल्ती, तिच्यासमोरून नेलं. एकेक खांब बडवून भरीव कसा वाजतो ते दाखवलं, पोकळ कसा वाजंल ते सांगितलं. ते सगळे भरीव होते.