कच्चा चीक

तिने डाव्या बाहीचं बटण लावलं, बाही मनगटापर्यंत नीट ओढली आणि चहाचा ट्रे उचलला. पुढच्या खोलीत अत्तरं विकत घेणाऱ्या कंपनीच्या बाई येऊन बसल्या होत्या. नवऱ्याचा आवाज नेहमीपेक्षा एक पट्टी वर चढला होता. तो घाबरला की तसं व्हायचं.

ट्रे ठेवून ती लगेच बाहेर आली, पण दार पुरतं लोटलं नाही. नवऱ्याच्या नव्या अत्तराचा वास तिच्यामागोमाग स्वयंपाकघरापर्यंत आला. आधी दालचिनीसारखा गोड, जरासा झोंबणारा. मग व्हॅनिलासारखा मऊ. आणि अगदी शेवटी उन्हात तापलेल्या लाकडाचा. चांगला होता. इतकी वर्षं त्याने बनवलेली अत्तरं अंगावर वागवल्यावर एवढं तिलाही कळत होतं.

गल्लीत सगळे त्याला नाकवाले म्हणत. त्याचं नाक आणि तिचं मनगट, असा त्या घरातला कारभार होता. कागदाच्या पट्टीवर वास फक्त ओळख देतो, खरा बोलतो तो कातडीवर, असं तो म्हणायचा. लग्न झाल्यापासून प्रत्येक नवा नमुना तिच्या डाव्या हातावर लागला होता. उजव्या हाताने काम करायचं, डावा त्याचा. नणंद थट्टेने म्हणायची, दादाने बायको केली नाही, मनगट केलं. त्यावर ती स्वतःही हसायची.

मधल्या काळात त्याचं काही जमेना. कंपनीने त्याचा एकही नमुना उचलला नव्हता. तो दिवसदिवस खिडकीशी बसायचा, जेवताना भाजीत मीठ नाही हेही त्याच्या लक्षात यायचं नाही. मग कुठून तरी तो चीक आला. दूरच्या देशातल्या झाडाचा, काकवीसारखा दाट आणि काळपट. झाडाची साल आधी भाजतात, मग त्या जागी फडकी गुंडाळतात आणि चीक भरला की फडकी उकळून पिळून काढतात, असं त्याने तिला रंगवून सांगितलं होतं.

"म्हणजे आधी भाजायचं आणि मग पट्टी बांधायची," ती म्हणाली होती.

तो हसला होता. कितीतरी दिवसांनी.

पण कच्चा चीक अंगावर उठू शकतो, म्हणून कंपन्या तो घेत नाहीत. त्याचं वाफेवर काढलेलं तेल तेवढं चालतं. त्याने तेल वापरून पाहिलं. वास घेऊन बाटली बाजूला ठेवली आणि म्हणाला, "फार सज्जन झालाय. जीवच गेला यातला." त्यानंतर कामाच्या खोलीत तो कच्चा चीक गरम पाण्याच्या भांड्यात पातळ करताना तिला दिसू लागला. तिने विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.

मग तिच्या हातावर पुरळ उठलं. आधी खाज, मग लाल चट्टे, मग कोपराच्या आतल्या बाजूची कातडी फुटून पाणी येऊ लागलं. त्वचेच्या डॉक्टरांनी पाहताक्षणी विचारलं, हाताला काय लावता. तिने सांगितलं. ते बंद करा, डॉक्टर म्हणाले, आणि मलम दिलं.

तिने बंद केलं नाही. लांब बाह्यांचे शर्ट घालायला लागली. नमुना लावायची वेळ आली की मनगटाची कडेची, अजून बरी असलेली जागा पुढे करायची आणि बाही वर सरकू द्यायची नाही. कारण तिला पक्कं ठाऊक होतं, त्याला दाखवलं तर तो त्याच क्षणी चीक ओतून देईल. पुन्हा खिडकीशी जाऊन बसेल. त्यापेक्षा हात परवडला. आज एकदा कंपनीने होकार दिला की सावकाश सांगू, प्रमाण कमी करून घेऊ, काहीतरी वाट निघेल. इतकाच तिचा हिशेब होता.

"अगं, जरा येतेस का?"

ती ओल्या हातांनीच आत गेली. कंपनीच्या बाई कागदाची पट्टी नाकाशी धरून बसल्या होत्या. डोळे मिटलेले. नवरा टेबलापाशी उभा होता आणि त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होता.

"यात चीक आहे," बाई डोळे उघडून म्हणाल्या. "तेलच ना? कच्चा नाही?"

"तेलच," तो म्हणाला. "कच्च्याला हातसुद्धा लावत नाही मी."

तिने पदर नसताना पदर शोधावा तसे हात शर्टाला पुसले.

"तेलाला एवढी खोली येत नाही सहसा."

"मुरवलंय. मुरवण्यावर असतं सगळं."

बाईंनी मान हलवली. पटलं की नाही ते कळलं नाही. "अंगावर बघायचंय मला," त्या म्हणाल्या. "पट्टीवर सगळेच चांगले वागतात."

"म्हणून तर हिला बोलावलं." त्याने बाटली उघडली, ड्रॉपर भरला. मग तिच्याकडे वळला. तिने सवयीने डावा हात अर्धा उचललाच होता.

"उजवा दे," तो म्हणाला.

तिला आधी वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"उजवा दे आज," तो पुन्हा म्हणाला. आवाज अगदी सहज होता. फक्त तो तिच्याकडे पाहत नव्हता, ड्रॉपरच्या टोकाकडे पाहत होता. तिथे थेंब धरला होता.

तिचा डावा हात होता तिथेच राहिला. बाह्या, बटणं, अंधारात चाचपडत लावलेलं मलम, झोपेत हात उशीखाली दाबून धरणं. एवढा सगळा आटापिटा, आणि तो ते पाहत होता. पाहत होता आणि रोज चीक पातळ करत होता.

"थांबा," बाई म्हणाल्या. "माझ्याच हातावर लावा की. गाडीत परत जाताना वास कसा उतरतो ते तरी कळेल." त्यांनी घड्याळाचा पट्टा सोडला आणि हात पुढे केला. गोरा, भरलेला हात, घड्याळाच्या जागी फिकट पट्टा उमटलेला.

नवऱ्याचे खांदे खाली आले. सुटलो, असं ते खांदे म्हणाले. तो बाईंच्या बाजूला झुकला.

तिने डाव्या बाहीचं बटण काढलं. बाही घडी घालत घालत कोपरापर्यंत वर नेली आणि हात टेबलावर, त्या दोघांच्या मध्ये, उताणा ठेवला.

खिडकीतून येणारं ऊन बरोबर त्या हातावर पडलं होतं. खपल्या धरलेले चट्टे, त्यांच्या कडेने ताजं लाल, आणि मलमाची चकाकी.

बाईंनी हात मागे घेतला. घाईने नाही. घड्याळ पुन्हा बांधलं.

"याने झालं?" त्यांनी तिला विचारलं, त्याला नाही.

"हो."

"कच्चा आहे?"

हा प्रश्न त्याला होता. ड्रॉपरचा थेंब टेबलावर पडला होता. त्याने ड्रॉपर बाटलीत सोडला, झाकण फिरवलं. झाकण बसलं तरी तो फिरवतच राहिला.

"आहे," तो म्हणाला.

बाईंनी कागदाची पट्टी पुन्हा एकदा उचलली, वास घेतला. "वास मात्र..." एवढंच म्हणाल्या आणि पट्टी खाली ठेवली. "तुम्हाला नियम माहीत नाहीत अशातला भाग नाही. हे किती बायकांच्या गळ्यावर गेलं असतं, याचा विचार करा." पर्स उचलून त्या दारापर्यंत गेल्या. तिथून वळून तिला म्हणाल्या, "वहिनी, पाण्याखाली धरा तो हात. आणि झाकू नका."

गाडीचा आवाज गेला. नवरा टेबलावर पडलेला थेंब फडक्याने पुसत होता. तिने बाही खाली घेतली नाही.

"कधीपासून?" तिने विचारलं.

तो पुसत राहिला.

"झोपेत खाजवतेस," शेवटी तो म्हणाला. "पुरता महिना झाला."

"मला वाटत होतं, तुम्हाला दिसलं तर तुम्ही ओतून द्याल."

त्याने फडकं घडी करून ठेवलं. "मलाही तसंच वाटत होतं," तो म्हणाला. "म्हणून बघायचंच नाही असं ठरवलं."

ती स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला आणि हात धरला. पाणी गार होतं. बाहेर तो बराच वेळ तसाच उभा होता. ती वळली नाही. त्यालाही जवळ यायचं धाडस झालं नसावं.

पुढचे दिवस दोघंही कामापुरतंच बोलले. पुरळ हळूहळू सुकू लागलं. चिकाचं भांडं त्याने घासून पालथं घातलं. खिडकीशी मात्र बसला नाही. येरझारा घालायचा, कपाटं उघडायचा, परत लावायचा. आणि एका दुपारी, ती कांदा चिरत असताना, कंपनीच्या बाईंचा फोन आला. तेलावर बसवलेला नवा नमुना तयार केलात तर बघू, त्या म्हणाल्या असाव्यात, कारण तो बराच वेळ नुसता हो हो करत होता. मग म्हणाला, "घरात विचारून सांगतो."

इतक्या वर्षांत हे वाक्य त्याच्या तोंडून तिने ऐकलं नव्हतं.

तो दारात येऊन उभा राहिला. "तेल आहे या वेळी," तो म्हणाला. "निव्वळ तेल. बाटली दाखवतो हवी तर. हात देशील?"

तिने सुरी थांबवली. उजव्या हातातली सुरी, डाव्या हाताखालचा कांदा. तेलाने बहुधा काही झालंही नसतं. त्याचा चेहरा उतरलेला होता, दाढी वाढलेली होती, आणि तो खरंच विचारत होता. हुकूम सोडत नव्हता. हो म्हणणं किती सोपं होतं. तोंडात अगदी तयार होतं.

"नाही," ती म्हणाली.

तो हलला नाही. ती पुढचं काही बोलेल म्हणून थांबला असावा. तिने कांद्याची अर्धी फोड उलटी ठेवली आणि चिरायला लागली.

"बरं," तो म्हणाला.

तो आत गेला. बाटल्यांचा किणकिणाट झाला, कपाट उघडलं, लागलं. मग न्हाणीघरातला नळ सुटला. नवा नमुना लावायच्या आधी मनगट बिनवासाच्या साबणाने स्वच्छ धुवावं लागतं, आधीच्या कशाचाही माग राहू द्यायचा नसतो. ते काम आजवर तिचं होतं. त्याला सवय नसावी. पाणी कितीतरी वेळ वाहत राहिलं.