कुलपातली जाकिटं

"समुद्राचा काही अनुभव?" या एकाच प्रश्नावर धाकटीच्या तीन मुलाखती बुडाल्या होत्या.

धाकटी म्हणजे घरातली धाकटी सून. बरीच वर्षं तिनं दारोदार फिरून पाणी शुद्ध करायची यंत्रं विकली होती. तोंडावर दार लावणाऱ्यालाही यंत्र गळ्यात मारण्यात तिचा हातखंडा होता. पण ती कंपनी बंद पडली. नवऱ्याची पाठ गोदामातलं ओझं उचलून कामातून गेलेली, तो घरीच पडून असे. गाव बंदराचं, त्यामुळे विक्रीच्या ज्या काही नोकऱ्या होत्या त्या बंदरावरच्याच. जहाजांना दोर विका, रंग विका, इंजिनाचे भाग विका. आणि टेबलामागचा प्रत्येक माणूस तिला तेच विचारायचा. जणू दोर विकायला आधी बुडून यावं लागतं!

चौथी कंपनी लाइफ जॅकेट विकणारी होती. तिथला मॅनेजर मात्र बरा निघाला. "पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, मॅडम," तो म्हणाला. "धक्क्यावर एक बोटमालक आहे, सगळे शेठ म्हणतात त्याला. आमच्या एकाही माणसाला त्यानं अजून दारात उभं केलेलं नाही. त्याची ऑर्डर आणा, नोकरी तुमची."

धाकटी दुसऱ्याच दिवशी धक्क्यावर गेली. शेठनं नुकतीच नवी मासेमारी बोट घेतली होती आणि सरकारी तपासणी तोंडावर आली होती. त्यामुळे तिचं नशीब उघडलं.

"तपासणीत चालतील अशी द्या, स्वस्तातली," शेठ म्हणाला. मग मोठ्या हौसेनं तिला जुन्या बोटीवर घेऊन गेला. डेकवर एक लोखंडी पेटी होती आणि तिला भलंमोठं कुलूप. "यात आहेत जाकिटं. प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नाही! उघडी ठेवली की ही पोरं उशाला घेतात, मळवतात. म्हणून किल्ली माझ्या घरी. तपासणीच्या दिवशी आणतो, दाखवतो, परत बंद."

धाकटीला काहीतरी खटकलं. पण विकणाऱ्याची जीभ थांबते थोडीच? "वा शेठ, जपणूक असावी तर अशी!" ती म्हणाली आणि ऑर्डर घेऊन घरी आली.

घरी आनंदीआनंद झाला. नवरा कितीतरी दिवसांनी उठून भिंतीला टेकून बसला. सासऱ्यांनी तेवढं विचारलं, "जाकिटं ठेवणार कुठे?" त्यांचं सगळं आयुष्य मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेलं होतं.

"पेटीत, कुलूप लावून," धाकटी हसत म्हणाली आणि तिनं सगळी हकिगत सांगितली.

सासरे हसले नाहीत. "सूनबाई, आमच्या जहाजावर दर आठवड्याला घंटा व्हायची. सगळ्यांनी जाकीट घालून वर यायचं. आम्ही वैतागायचो, शिव्या द्यायचो. एकदा खरीच आग लागली. धुरात स्वतःचा हात दिसेना, पण बोटांना पट्टे पाठ होते. म्हणून आज मी तुझ्यासमोर बसलोय. तू त्या शेठला जाकिटं नाही विकलीस, समाधान विकलंस. बुडणाऱ्याला काय मिळालं यातून?"

धाकटीचा संताप उसळला. "बाबा, या घरात मिळवतं माणूस कोण आहे ते सांगा आधी! हातातोंडाशी आलेला घास मी टाकून देऊ?"

धाकटी ताटावर बसली, पण ताट तसंच सारून उठली. बाबा चुकीचं बोलले असते तर तिला एवढा राग आला नसता.

सकाळी ती पुन्हा धक्क्यावर गेली. जुनी बोट निघायच्या तयारीत होती, खलाशी जाळी आवरत होते.

"शेठ, एक जाकीट या सगळ्यांना घालून दाखवते. पेटी उघडता का?"

"किल्ली घरी आहे, सांगितलं ना."

"मग मागवा. समजा, तुमचा एक माणूस आत्ता पाण्यात पडलाय."

शेठचा चेहरा बदलला. "विकायला आलात की मला शिकवायला? ऑर्डर रद्द करीन!"

धाकटीची नोकरी चालली होती, डोळ्यांदेखत! तरी ती म्हणाली, "करा रद्द. पण एकदा किल्ली मागवा."

चारचौघांत माघार कशी घ्यायची? शेठनं तणतणत घरी फोन लावला. बायको म्हणाली, खुंटीवर नाही. मग म्हणाली, कपाटातही नाही. तुमच्या कालच्या शर्टात बघते, धरा जरा. खलाशी आधी एकमेकांना कोपरानं ढोसून हसत होते. हळूहळू एकेकाचं हसू मावळलं. शेठ फोन कानाला लावून उभाच होता. बोटीचा म्हातारा कप्तान इतका वेळ पाण्याकडे बघत होता. तो हळूच म्हणाला,

"शेठ, माणूस गेला."

शेठनं फोन खिशात टाकला, कोपऱ्यातली पहार उचलली आणि स्वतःच्या हातानं कुलूप तोडलं!

कप्तानानं एक जाकीट घालून पाहिलं, तर त्याला हात धड वर करता येईना. "हे घालून जाळं कोण ओढणार?" तो म्हणाला. धाकटीनं कबूल केलं, की ही जाकिटं वेळप्रसंगी चढवायची. काम करताना अंगात ठेवायची जाकिटं वेगळी, पातळ; आणि महाग. शेठनं बराच वेळ हनुवटी खाजवली. "नव्या बोटीला ती आणा," तो शेवटी म्हणाला. "बाकीच्या बोटींचं पुढे बघू."

"आणि ही केबिनमध्ये उघडी टांगतो," कप्तान म्हणाला.

"पोरं उशाला घेतील!"

"घेऊ देत, शेठ. अपरात्री काही झालं तर हाताला तर लागतील!"

धाकटीला नोकरी मिळाली. आता ती बोटीवर गेली, की आधी खलाशांना जाकीट घालायला लावते आणि मगच मालकाशी भावाचं बोलते. त्यामुळे काही ऑर्डरी हातच्या जातात. मॅनेजर कुरकुरतो, पण तिला काढत नाही.

वाचकहो, त्या शेठला हसू नका. आपलं हेल्मेट गाडीच्या आरशाला लटकत असतं. ऑफिसात संकटकाळी बाहेर पडायच्या दारासमोर आपणच खोकी रचतो. आपण सुरक्षितता विकत आणतो, तपासणाऱ्याला दाखवतो आणि ठेवून देतो. जीव वाचवणारी वस्तू मळली, झिजली, जुनी झाली तरी चालेल, पण ती जिवाजवळ हवी. आज घरी गेल्यावर एवढंच बघा, की ती तुमच्या माणसांच्या हाताला लागते की नाही.