पहिला टेक

माझ्या सवतीला कपाळावर दोन शिंगं आहेत, पाठभर खवले आहेत आणि ती पुरुष आहे. नाव खारूम. ‘दूरचा तळ’ नावाची अंतराळातली मालिका तुम्ही पाहिली नसेल तर सुखी आहात. ती माझ्या लग्नाआधी सुरू झाली आणि अजून संपायचं नाव घेत नाही. मूळ भाषेत खारूमचं काम करणारे नट दोनदा बदलले, शिंगं बदलली, अंतराळयानं बदलली. पण आपल्या भाषेत खारूम पहिल्यापासून एकाच घशातून बोलत आला, आणि तो घसा माझ्या नवऱ्याचा.

खारूमचा आवाज बेंबीच्या देठापासून यायचा. खिडक्यांच्या काचा थरथरायच्या. घरातला आवाज मात्र बारीक, किंचित नाकातला. फोन उचलला की लोक म्हणत, “बाई, जरा साहेबांना देता का?” मग हे नाइलाजाने खारूम होत आणि पलीकडचा माणूस गार पडे. लेकीच्या लग्नात, वाढदिवसाला, शेजाऱ्यांच्या गच्चीवर, जिथे कोणी कॅमेरा काढला तिथे “खारूम बोला ना” सुरू व्हायचं, आणि आमचे हे बोलायचे. मोबाइलवर बोलून निरोप पाठवा म्हटलं तर म्हणत, “सरकार, आवाज फुकट खर्च करत नसतात.” मला ते सरकार म्हणत. घरात माझं किती चालायचं ते यावरून ओळखा.

दरवर्षी वाहिनीवाले प्रेक्षकांना विचारत, तुमचे आवडते परग्रही योद्धे कोण? खारूमचा पहिला नंबर ठरलेला. त्याच्यामागे दोन काळजांची सेनापतीण, नाहीतर आपल्याच ग्रहाशी गद्दारी करून पस्तावलेला तो निळा म्हातारा. वरच्या जागेसाठी लोक एकमेकांच्या उरावर बसायचे. माझं मत नेहमी मुक्या पहारेकऱ्याला. तो द्रोक ग्रहाचा, खारूमचाच सोबती. लहानपणी शपथ मोडली म्हणून त्याची जीभ काढलेली. बोलणं हातांनी, आणि सलाम म्हणजे छातीवर मूठ. “त्याच्यात काय पाहिलंस?” हे विचारत. मी म्हणे, “त्याला संवाद नाहीत. म्हणजे त्याचा आवाज देणारा वेळेवर घरी जात असेल. मला तसा नवरा हवा होता.” त्यावर ते खो खो हसत. मीही हसे. आता हसू येत नाही.

मग यांचा घसा बसला तो उठेना. खोकल्याचं औषध झालं, गुळण्या झाल्या, शेवटी मोठ्या डॉक्टरीण बाईंनी नळी घालून पाहिलं आणि आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल, सगळंच. जीव वाचेल. सकाळी थोडा वेळ आवाज बरा असायचा, दुपारपर्यंत त्याचा भुसा व्हायचा. शस्त्रक्रियेपर्यंत त्यांनी तोंडाला कुलूप लावायला सांगितलं.

मला एकच गोष्ट हवी होती. त्यांचा घरातला आवाज, तो बारीक, नाकातला, कुठेतरी ठेवलेला असावा. जुनं सगळं धुंडाळलं. लग्नाच्या चित्रफिती पाहिल्या, लेकीचा जुना फोन चार्ज केला. जिथे तिथे खारूम. सवतीने माझ्यासाठी एक वाक्य शिल्लक ठेवलं नव्हतं.

एका सकाळी चहा झाल्यावर मी फोन त्यांच्यासमोर धरला. “काहीही बोला. भाजी अळणी आहे म्हणा.” त्यांनी घसा साफ केला, छाती पुढे काढली आणि अर्धवट फाटलेल्या आवाजात खारूम गुरगुरला. माझं डोकंच फिरलं. ते ओशाळले. हळूच म्हणाले, “खरंच जमत नाही गं. समोर रेकॉर्डिंग सुरू झालं की मी आपोआप सरकतो, तो पुढे येतो. थांब, बघू काहीतरी.”

ते काहीतरी बघण्याआधी स्टुडिओचा फोन आला. खारूम मरणार होता. त्याचा शेवटचा भाग, मोजके संवाद. काका जमेल का, नाहीतर दुसरा आवाज पाहावा लागेल. यांनी माझ्याकडे न बघता मान डोलावली आणि मला म्हणाले, “कळव, येतो.”

“उरलासुरला आवाज त्या शिंगवाल्याला?” मी ओरडले. “मी जन्मभर इथे बसलेय, माझ्या वाट्याला काय?”

त्यांनी नुसता माझ्या डोक्यावर हात ठेवला, तो मी झटकला.

डॉक्टरीण बाईंनी एकदाच, आणि ओरडायचं नाही, या अटीवर परवानगी दिली. मी सोबत गेले, म्हणजे पहाऱ्यावर गेले म्हणा. स्टुडिओ आता एका बँकेच्या वरच्या मजल्यावर आहे, दोन खोल्यांचा. पूर्वीचा मोठा होता, फितींवर काम चालायचं, आणि ते कौतुकाने सांगायचे, “चुकलेला टेकसुद्धा फितीवर राहतो, सरकार. आमच्या चुका अमर आहेत.” ते तिथे घडलेले. नव्या जागेत आवाज संगणकात जातो एवढंच त्यांना ठाऊक होतं. मलाही तेवढंच.

मधे जाड काच. अलीकडे मी, दिग्दर्शिका आणि चष्मेवाला रेकॉर्डिस्ट. पलीकडे ते, माइक आणि पडदा. काचेतून आवाज जात नाही म्हणून ही माणसं हातांनी बोलतात. एक बोट म्हणजे पहिला टेक. हात कानाशी नेला की ऐकवा. अंगठा आणि बोट जुळवून गोल केला की छान, ठेवून द्या. आडवा हात गळ्यावरून फिरवला की थांबवा. ती शेवटची खूण त्या दिवशी कोणी केली नाही.

पडद्यावर यानाच्या दाराखाली खारूम अडकलेला. पलीकडे आग. समोर माझा मुका पहारेकरी उभा, सोबत्याला सोडून जायला तयार नाही. खारूम त्याला खोटंच सांगतो, “तू पुढे हो. मी आलोच.” आणि मरतो. लहानसं वाक्य. आमच्या घरातलंच. कुठेही निघालो की मी चपला घालून जिन्यात, आणि हे आत किल्ली शोधत: तू पुढे हो, मी आलोच.

लाल दिवा लागला. त्यांचे डोळे पडद्यावर हवे होते, ते काचेकडे होते. आणि हेडफोनमधून माझ्या कानात त्यांचा आवाज आला. त्यांचा. बारीक, नाकातला, जिन्यातला. “तू पुढे हो. मी आलोच.” किल्ली न सापडल्याची घाईसुद्धा होती त्यात. मला हुंदका आवरेना. मनात म्हटलं, मिळाला. देवा, मिळाला.

दिग्दर्शिकेने बटण दाबलं. “काका, ओठ जुळले नाहीत. आणि हा खारूम नाही वाटत. जमेल का अजून एकदा?”

त्यांनी मान डोलावली. मग काचेकडे बघत एक बोट वर केलं. एक मिनिट द्या म्हणताहेत असं मला वाटलं. दमले असतील बिचारे. आजाराने खारूमवरची पकड सुटली आणि आपला आवाज निसटला, असंच मी धरलं. ते पाणी प्यायले, त्यांनी खांदे सैल केले, आणि दुसऱ्या टेकला खारूम असा काही मेला की चष्मेवाल्याने चष्मा काढून डोळे पुसले. दिग्दर्शिका धावत आत गेली आणि त्यांच्या पाया पडली.

मी रेकॉर्डिस्टला म्हटलं, “तो पहिला मला द्या.”

“कुठला पहिला, काकू?”

“आधीचा. चुकलेला.”

“तो नाही ना आता. दुसरा त्याच्यावरच घेतला. खराब टेक आम्ही ठेवत नाही, जागा जाते.” माझा चेहरा बघून तो गडबडला. “हवा होता का? आधी बोलायचं ना!”

काय बोलणार होते मी आधी? आतून ते बाहेर आले, घामाने भिजलेले, आणि माझ्याकडे बघून असे हसले, जणू लढाई जिंकून आलेत. मला वाटलं, खारूमचं हसू आहे. मी त्यांची पिशवी उचलली. जिन्यात त्यांनी काही बोलायला तोंड उघडलं तर नुसती हवा आली. त्यानंतर आवाज आलाच नाही. पहिल्या टेकचा विषय मी काढला नाही. आपण घसरलो याची त्यांना लाज वाटत असेल, जखमेवर मीठ कशाला?

शस्त्रक्रिया झाली. गळ्याला भोक, त्यावर जाळीचा रुमाल. शुद्धीवर आल्यावर त्यांनी मला शोधलं, मूठ उचलून छातीवर ठेवली आणि डोळा मारला. मुका पहारेकरी. तुझा आवडता आला बघ घरी. मी हसले, मग बाहेर येऊन वॉर्डच्या संडासात तोंडात पदर कोंबून रडले.

आता घरात चमचा टेबलावर वाजतो, म्हणजे मला हाक. मी रोज तो जिन्यातला आवाज आठवायचा प्रयत्न करते. पहिले काही दिवस लगेच यायचा. मग शब्द यायचे, आवाज मागे राहायचा. हल्ली तर आठवायला गेले की खारूमच पुढे येतो.

मग एका संध्याकाळी खारूमचा शेवटचा भाग लागला. लेक मुद्दाम आली होती. खारूम दाराखाली अडकला, मुका पहारेकरी समोर उभा राहिला, आणि खोली भरून तो प्रचंड आवाज म्हणाला, “तू पुढे हो. मी आलोच.” लेक हमसून रडू लागली. “बाबा, काय केलंत हो!”

ते पडद्याकडे बघतच नव्हते. माझ्याकडे बघत होते. त्यांनी एक बोट वर केलं. मग ते माझ्याकडे वळवलं. मग हात कानाशी नेऊन भुवया उंचावल्या.

पहिला टेक तुझा होता. ऐकतेस ना?

एक मिनिट नव्हतंच ते. काचेकडे वळलेले डोळे, जिंकल्याचं हसू, सगळं माझ्या ध्यानात आलं. उरलेल्या आवाजातलं पहिलं वाक्य त्यांनी मला दिलं होतं. जुन्या माणसाला वाटलं, चुकलेलं अमर असतं. इतके दिवस ते मनात धरून होते की मी मागून घेतलेला तो टेक माझ्या फोनमध्ये आहे, आणि मी भांडी घासताना तो लावून बसते.

मी अंगठा आणि बोट जुळवून गोल केला. छान. ठेवून दिलाय.

ते सुटल्यासारखे मागे टेकले. मग रिमोट उचलून त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला, मला नीट ऐकू यावं म्हणून.