नकाशाबाहेरचा गुलाबी

आश्रुबा टाळकऱ्यासारखा फेटा मानवतच्या आसपास दुसऱ्या कुणाचा नव्हता. कीर्तनात मागं उभ्या पन्नास जणांत तो लांबून कळायचा, इतका झगझगीत गुलाबी. पंच्याऐंशी साली त्यांच्या वर्षश्राद्धाचं कीर्तन ठरलं, तेव्हा त्यांच्या पत्नी कस्तुराबाई माझ्या छापखान्यात आल्या. पत्रिकेवर आश्रुबांचं चित्र हवं होतं. हातात त्याच फेट्याची चिंधी.

“दादा, ह्योच रंग पायजे. दुसरा आला तर लोक म्हणतील, हे कोण उभं हाय?”

मी फरशीवर शाई घोटली, कागदावर बोट ओढलं, चिंधी शेजारी धरली. हुबेहूब! मी शब्द देऊन बसलो. ओल्या शाईवर शब्द देऊ नये हे धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. पण त्या माउलीच्या तोंडाकडं पाहून भान राहिलं नाही. सकाळी शाई वाळली आणि गुलाबी पार विटला.

मग लाल, पिवळी, निळी, पांढरी कमीजास्त मिसळत शंभरेक चौकोन छापले. वाळल्यावर जवळचे रंग जवळ येतील असे पुठ्ठ्यावर चिकटवले. एका अंगाला फुगलेला, दुसऱ्या अंगाला खपाटीला गेलेला असा माझ्या शायांचा नकाशाच झाला. चिंधी त्यावर सरकवत नेली. गुलाबीकडचे चौकोन संपले. चिंधीचा रंग अजून पुढंच.

“शीव संपली, मालक,” मशीनवरचा सूर्यभान म्हणाला. “आता काय, दुसऱ्याच्या रानात छापताव?”

कीर्तन चार दिवसांवर. मला पाथरीचे एक म्हातारे बुवा आठवले. वरचा सूर लागेना, तशी त्यांनी पेटीवाल्याला खूण करून पट्टी खाली घेतली आणि तोच अभंग असा चढवला, की मंडपातल्या बाया रडल्या. सूर उतरला होता, चढण तेवढीच होती.

“फेट्याला हात लावू नको,” मी सूर्यभानला म्हणालो. “बाकीचे सगळे रंग उतरव.”

मागं मळकट हिरवा भरला. धोतर सायीच्या रंगाचं, टाळ काळपट. चित्रात कोरा पांढरा कागद कुठंच उघडा ठेवला नाही. नमुना वाळला, तेव्हा त्या मळकट रंगांत तेवढा फेटा उठून दिसत होता.

कस्तुराबाई आल्या.

“वहिनी, खोटं बोलत नाही. तो रंग माझ्या शाईत नाही. माझ्याकडचा सगळ्यात झगझगीत तो हा.”

त्यांनी चिंधी चित्राशेजारी ठेवली. “फरक हाय.”

सूर्यभान जमिनीकडं बघायला लागला.

मग चिंधी मुठीत घेऊन त्या दारातल्या उजेडात गेल्या. पत्रिका हातभर लांब धरली. बराच वेळ.

“असंच उभं ऱ्हायचे,” त्या म्हणाल्या. “मांडव पडला तरी ताल चुकायचा न्हाई.” पदरानं नाक पुसलं. “लांबून वळखू येतेत की! छापा.”

“लय भेवडावलं वो आमाला,” सूर्यभान म्हणाला.

“तुमाला कशाचं भ्या? जवळून बघून मला वाटलं, मीच त्यांना इसरले का काय.”

मी पांडुरंगाचं नाव घेतलं. सूर्यभाननं मशीनच्या पायपट्टीवर पाय मारून छपाई सुरू केली.